नाशिक अधिक नंदुरबार

देश केवढा, तर
नाशिक जिल्ह्याला नंदुरबार जोडला की झाला.
ह्यांनी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर बेरीज केली,
पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, स्लोव्हेनिया.
मी शेंगा फोडत होते. म्हटलं, बरं.

जेलरोडच्या आमच्या दोन खोल्यांत
नकाशा उलगडायचा म्हणजे
तेलाची बरणी, गोळ्यांचा डबा, वीजबिल,
सगळ्यांना टेबलावरून उतरावं लागतं.
एका कोपऱ्यावर अडकित्ता, एकावर बत्ता,
तिसऱ्यावर माझा चष्मा,
मग मला नकाशाच दिसत नाही.
चौथा कोपरा उडत राहतो. तिकडे हंगेरी.

नावं जिभेवर बसेनात,
म्हणून ह्यांनी अंतरं आपल्या मापाने लिहून काढली.
श्कोफ्या लोका : राजधानीपासून त्र्यंबकएवढं.
प्तुय : धुळ्याच्या बरंच अलीकडे. वर किल्ला, खाली नदी.
पिरान : मालेगाव सोडून थोडं पुढं,
फक्त राहुडचा घाट नाही
आणि रस्ता संपतो तिथे समुद्र.
असं वाचलं की पोटातला गोळा जरा विरघळतो.

हायवे घ्यायचा नाही, हे ठरलं.
हायवे काय, द्वारका चौकातही आहे.
आपण लहान रस्ते घ्यायचे, कुरणांमधले,
लाकडी घोडीवर गवत वाळत घातलेलं असतं तिथले.
आणि मारिबोरला एका भिंतीवर द्राक्षाचा वेल आहे,
चारशे वर्षांचा. अजून फळतो म्हणे.
माझ्या माहेरी, दिंडोरीकडे, वीस वर्षांत बाग उपटतात.
किल्ले तुम्ही बघा.
मला त्या वेलाची छाटणी कोण करतं
एवढंच विचारायचंय.

तिकडे स्टिअरिंग डावीकडे.
तेव्हा रोज दिवेलागणीला हे पार्किंगमध्ये
आपल्याच गाडीत डाव्या सीटवर बसतात,
हातात माझी स्टीलची परात.
गायधनींचा नातू काचेवर टकटक करतो,
"आबा, कुठवर आलात?"
"सिग्नलला," हे म्हणतात. परात हलू देत नाहीत.

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये काढली ह्यांनी,
कोऱ्या पासपोर्टवर नंबर पडतो त्या खात्यात.
पुस्तिका गेल्या. माणसं गेली त्या घेऊन,
दुबईला, टोरांटोला, काही आलीच नाहीत परत.
ह्यांनी भोंगा झाला की सायकल काढली.
सुटताना गेटवर खिसे चाचपून घ्यायचे.
कागदाचा कपटा म्हणून घरी आणला नाही कधी,
लेकीच्या वहीला कव्हर घालायलासुद्धा.

मागल्या महिन्यात पोस्टमन पाकीट घेऊन आला.
ह्यांनी सही केली. हात धुतले. कोरडे केले.
पासपोर्ट ट्यूबलाइटसमोर धरून
एकेक पान वाकवून पाहिलं,
शिवणीवरून अंगठा फिरवला.
स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी वाचलं.
"नंबर सरळ पडलाय," म्हणाले.
मग बराच वेळ
बाथरूममध्ये नळ चालू होता.

रविवारी तालीम.
भगूर, पांढुर्ली, सिन्नर. हायवे टाळून गोंदेश्वरापर्यंत.
हे चालवणार, मी रस्ता सांगणार.
पांढुर्लीच्या पुढे कुठेतरी मी म्हटलं, उजवीकडे.
"इकडचं उजवं की तिकडचं?"
अहो, उजवं ते उजवं!
पण तोवर फाटा मागे पडला होता
आणि डांबर एका कोबीच्या वावरापाशी संपलं.

ठिबकची नळी सरळ करणाऱ्या बाईने
कंबर सावरत विचारलं, "कुठं निघाले?"
आम्ही दोघं एकदमच बोललो.
हे म्हणाले, गोंदेश्वर.
माझ्या तोंडून निघालं, प्तुय.

तिने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
चिखलाचा हात आम्ही आलो त्या वाटेकडे केला :
"नाकासमोर जा. मंग विचारा कुणाला."